कोट्टयमची धाकटी पळ्ळी : एका जुन्या विधानाची दुरुस्ती

गेल्या वर्षी याच नियतकालिकात केरळातील काही प्रार्थनास्थळांवर प्रस्तुत लेखकाचे एक टिपण प्रसिद्ध झाले होते. कोट्टयम येथील सेंट मेरीज् ऑर्थोडॉक्स चर्चविषयी त्यात एक परिच्छेद होता, आणि त्या परिच्छेदाच्या शेवटी, जणू पावतीवर शिक्का उठवावा तसे, एक वाक्य होते : ‘ही वास्तू म्हणजे केरळीय व पोर्तुगीज शैलींचा मनोहर संगम होय.’ वाक्य कानाला गोड लागते. दोघा-तिघा वाचकांनी पत्रे लिहून ते आवडल्याचेही कळविले होते. वस्तुतः ते माझे नव्हतेच. प्रवाशांना वाटल्या जाणाऱ्या माहितीपत्रकांत तेच वाक्य इंग्रजीत असते. मी केवळ त्यास मराठी पेहराव चढविला होता. ते विधान मला आज मागे घ्यावयाचे आहे. कचेरीत एखादा आदेश मागे घेतला की दोन ओळींचे शुद्धिपत्रक पुरते. वाङ्मयात तेवढ्याने भागत नाही. चूक कोठे झाली ते दाखवावे लागते.

प्रथम ती चूक कोणी दाखविली ते सांगतो. माझे एक सहकारी या चर्चचे पिढीजात सभासद आहेत; वयाने मजहून बरेच वडील. मी त्यांना ‘सार’ म्हणतो आणि तेही मला ‘सार’च म्हणतात; इकडे वडील आणि धाकटा दोघांनाही हे एकच संबोधन चालते. अंक आल्यावर मी मोठ्या हौसेने माझे टिपण इंग्रजीत करून त्यांना ऐकविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सार, संगमाला दोन नद्या लागतात. येथे नद्या कोणत्या?” मी म्हटले, “एक केरळ, दुसरी पोर्तुगाल.” “बरे,” ते म्हणाले, “मग यात आम्ही कोठे आलो?”

या प्रश्नावर मजपाशी उत्तर नव्हते. ‘केरळीय अधिक पोर्तुगीज’ या बेरजेत ज्यांनी ही वास्तू बांधविली, जे चारशेंहून अधिक वर्षे तेथे उभे राहून प्रार्थना करीत आले, त्या सुरियानी ख्रिस्ती समाजाचा उल्लेखच नव्हता. छप्पर केरळाचे, दर्शनी भिंत पोर्तुगीजांची. आणि आतली माणसे? त्यांची उपासना? एखाद्या नाटकाचे परीक्षण लिहावे, त्यात नेपथ्य आणि प्रकाशयोजना यांची तारीफ करावी, आणि नाटक कोणते होते हेच सांगू नये, तसा हा प्रकार झाला होता.

ज्यांनी ते टिपण वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. कोट्टयम हे नाव ‘कोट्ट’ आणि ‘अकम्’ या दोन शब्दांपासून झाले असे मानतात. कोटाच्या आतले ते कोट्टयम. जुना गाव मीनच्चिल नदीच्या काठी, थाळत्तंगाडी म्हणजे खालचा बाजार या नावाच्या भागात होता. तेक्कुंकूरच्या राजांचा हा मुलूख. अठराव्या शतकाच्या मध्यास त्रावणकोरने तो जिंकून घेतला. याच भागात ‘पळ्ळी’ म्हणून ओळखली जाणारी दोन जुनी चर्चे आहेत. वलिय पळ्ळी म्हणजे थोरली, १५५० च्या सुमाराची. आणि चेरिय पळ्ळी म्हणजे धाकटी, १५७९ ची. आपल्याकडे थोरली पाती आणि धाकटी पाती असते, तशीच ही जोडी. आणि परंपरा सांगते की या वाटणीच्या मुळाशीही भाऊबंदकीच होती. सुरियानी ख्रिस्ती समाजात ‘उत्तरेकडील’ व ‘दक्षिणेकडील’ असे दोन गट आहेत. त्यांचे थोरल्या पळ्ळीत जमेना, म्हणून उत्तरेकडील गटाने निराळी पळ्ळी बांधली आणि राजाने तिला जागा दिली. ‘पळ्ळी’ हा शब्दही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मलयाळम् भाषेत चर्च आणि मशीद दोहोंनाही पळ्ळीच म्हणतात. आणि त्याही पूर्वी तो शब्द बौद्ध-जैनांच्या विहारांना लावीत. इतके धर्म एका शब्दाखाली बिनतक्रार नांदले, तरी त्या शब्दाला कोणी संगम म्हटलेले नाही!

आता मूळ चुकीकडे वळतो. चर्च पाहावयास निघालेला मराठी माणूस आपल्यासोबत वसई आणि गोवा घेऊन निघतो. वसईच्या किल्ल्यातील छप्पर उडालेल्या, केवळ दर्शनी भिंतीने उभ्या असलेल्या चर्चांची चित्रे आपण शाळेपासून पाहतो; १७३९ त चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यानंतर तेथल्या घंटा आपल्या देवळांतून गेल्या हे अभिमानाने सांगतो. त्यामुळे चर्च म्हणजे पुढची भिंत, आणि भिंत म्हणजे पोर्तुगीज, हे समीकरण आपल्या डोळ्यांत पक्के बसलेले असते. मीही थाळत्तंगाडीस गेलो तो एका आठवड्याच्या मधल्या वारी, जेवणाच्या सुटीत. पांढरीशुभ्र दर्शनी भिंत पाहिली, तिच्यावरील कंगोरे व त्रिकोणी माथा पाहिला, ‘पोर्तुगीज’ असे टिपून घेतले. मग उतरती कौलारू छपरे व लाकडी कोरीवकाम पाहिले, ‘केरळीय’ असे टिपले. एकूण पंधरा मिनिटे. छायाचित्र काढले तेही पुढच्या भिंतीचेच, आणि टिपणाबरोबर छापले गेले तेही तेच.

वास्तविक ख्रिस्ती धर्म या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरला नाही. प्रेषित थॉमस इ. स. ५२ मध्ये येथे आला, ही सुरियानी लोकांची श्रद्धा. ती श्रद्धा म्हणूनच घ्यावी. परंतु सहाव्या शतकातील कॉस्मस् या ग्रीक लेखकाने मलबारच्या ख्रिस्ती लोकांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. आणि मराठी वाचकास नवल वाटेल, त्याच ठिकाणी तो ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचेही सांगतो. ही कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. थोरल्या पळ्ळीत पहलवी लिपीतला लेख असलेले दोन दगडी क्रूस आहेत; तसाच क्रूस मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटवर आहे, आणि २००१ मध्ये गोव्यात आगशी येथेही एक सापडला. इराण, इराक, सिरिया या बाजूशी समुद्रमार्गे चाललेला हा व्यवहार पोर्तुगीजांहून कित्येक शतकांनी जुना आहे. या समाजाची पूजेची भाषा सुरियानी होती, म्हणूनच त्याचे नाव सुरियानी. ही तिसरी नदी, किंबहुना पहिलीच, माझ्या टिपणातून वाहून गेली होती.

सहकाऱ्यांच्या प्रश्नानंतर मी पुन्हा गेलो तो रविवारी, त्यांच्याबरोबर, सकाळच्या उपासनेस. या खेपेस वास्तू मला बाहेरून आत अशी न दिसता पश्चिमेकडून पूर्वेकडे अशी दिसली. आणि ती तशीच वाचावयाची आहे, असे आता माझे मत झाले आहे.

जोडे बाहेर काढावे लागतात. प्रवेशाशी खांबांवर तोललेले मुखमंडप. जुन्या सुरियानी चर्चांतील या पुढच्या भागास मलयाळम् भाषेत ‘नाटकशाला’ असेही म्हणतात. पेशवाईचा इतिहास वाचलेल्या मराठी माणसास हा शब्द ऐकून क्षणभर दचकावयास होते. परंतु येथे त्याचा अर्थ सरळ आहे. जमण्याची, प्रसंगी खेळ-सोंगे करण्याची, पावसात टेकण्याची ही सावलीची जागा. कोकणातल्या घराला ओटी असते तशी. येथला पाऊस कोकणच्या पावसाचा सख्खा भाऊ आहे, आणि दगडही तोच : जांभा. चिऱ्याच्या जाड भिंती, वर चुन्याचा गिलावा, उतरती पाखी, खाली आलेली वळचण. रत्नागिरीकडचा कोणीही गवंडी वा सुतार येथे आला तर पुष्कळशा गोष्टी न विचारता ओळखील.

मुखमंडपातून आत गेले की मोठे दालन लागते. त्यास हैकला म्हणतात. शब्द सुरियानी, अर्थ मंदिर. उपासनेचा मोठा भाग लोक उभे राहूनच करतात. पुरुष एका बाजूस, स्त्रिया दुसऱ्या बाजूस, डोक्यावर पदर घेऊन. त्यापुढे कठड्याने वेगळी केलेली, गाणाऱ्यांची व सेवेकऱ्यांची जागा येते. तिला मलयाळम् नाव आहे ‘अळिक्ककम्’ : गजांच्या आतले. ‘कोट्टयम’मधला ‘अकम्’ तो हाच! गावाच्या नावात जो ‘आत’ आहे तोच या कठड्याच्याही नावात आहे, हे कळल्यावर मला एकाएकी या वास्तूची वाक्यरचना उलगडल्यासारखी झाली. एकात एक आतले, आणि त्याच्याही आत आणखी एक. सर्वांत शेवटी, पूर्वेस, पायऱ्यांनी उंचावलेला मद्बहा, म्हणजे बलिस्थान, आपल्या भाषेत गाभारा. तेथे चालणाऱ्या विधीस ‘कुर्बाना’ म्हणतात. ‘कुर्बानी’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, त्याचेच हे सुरियानी भावंड. आणि गाभाऱ्यापुढे पडदा.

हा पडदा पहिल्या भेटीत मी पाहिला होता, पण त्यास सजावटीचे कापड समजलो होतो. पुरोहिताची पूर्वतयारी त्याच्या आड चालते. बाहेर लोक प्रार्थना म्हणत असतात, मलयाळम् भाषेत, मधूनमधून ‘बारेक्मोर’, ‘कुरियेलायिसोन’ असे जुने परके शब्द येतात. मग घंटा वाजतात, लहान घुंगरे लावलेल्या धातूच्या चकत्या खळखळतात आणि पडदा सरतो. मराठी वाचकास येथे अंतरपाटाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पुढे भाकरी मोडण्याच्या प्रसंगी तो पुन्हा ओढला जातो आणि पुन्हा सरतो. म्हणजे या वास्तूची पूर्वेकडील भिंत दगडाची नसून कापडाची आहे, आणि ती हलते! रशियन किंवा ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चांत त्या जागी चित्रांनी भरलेली लाकडी भिंत असते, येथे पडदा. केरळच्या या ‘ऑर्थोडॉक्स’ नावावरून रशियाचे कांद्याच्या आकाराचे घुमट ज्यांच्या डोळ्यांपुढे येतात त्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा. हा पंथ सिरिया, आर्मेनिया, इजिप्त, इथिओपिया येथील प्राचीन चर्चांच्या कुळातला. पाचव्या शतकातच ग्रीक व रोमन चर्चांपासून तो निराळा झाला.

आता चित्रांविषयी. धाकट्या पळ्ळीची ख्याती आहे ती मद्बहाच्या भित्तिचित्रांमुळे. ख्रिस्ताच्या व मेरीच्या चरित्रातील प्रसंग, काही बायबलाबाहेरचेही विषय, वनस्पतिजन्य रंगांत काढलेले. माझ्या टिपणात यांबद्दल ‘पौर्वात्य व पाश्चात्य चित्रकलेचा मिलाफ’ असा आणखी एक शिक्का होता. ‘संगम’ दोनदा नको म्हणून ‘मिलाफ’! मिलाफ आहे हे खोटे नव्हे. वस्त्रांच्या चुण्या आणि उभे राहण्याच्या ढबी पश्चिमेकडील धाटणीच्या, रंग मात्र या भूमीचे. परंतु केवळ धाटणी सांगितल्याने चित्र सांगितले असे होत नाही. येथून सुमारे बारा किलोमीटरवर एट्टुमानूरचे महादेवाचे देऊळ आहे. तेथील प्रदोषनृत्याचे सुप्रसिद्ध भित्तिचित्र गोपुरात आहे; म्हणजे देव दिसण्यापूर्वी, येताजाता, उजेडात ते दिसते. तांडव करणारा शिव, सभोवती गर्दी, बोटभर जागा रिकामी नाही. ते चित्र येणाऱ्याच्या अंगावर येते. धाकट्या पळ्ळीतली चित्रे याच्या उलट अगदी शेवटी, पडद्याच्या पलीकडे आहेत. पुष्कळ वेळ ती दिसत नाहीत. दिसतात तेव्हा दिव्यांच्या उजेडात, हैकलाच्या लांबीपलीकडून, पुरोहिताच्या पाठीमागे. जवळ जाऊन बारकावे न्याहाळावे अशी सोय उपासकाला नाही. प्रवासी म्हणून जाणारा मनुष्य चित्रकाराचा हात पाहतो. उपासक रंगांचा एक तेजस्वी पट उघडताना पाहतो. दोघांपैकी कोणास चित्र अधिक दिसले? मी दोन्ही प्रकारे पाहिले आहे, आणि माझे मत उपासकाच्या बाजूने आहे.

येथवर सारे माझ्या सहकाऱ्यांच्या मनाजोगते झाले. परंतु त्यांच्याशीही माझा एक मतभेद आहे, आणि तो त्यांच्याजवळ मी बोलून दाखविला आहे. पोर्तुगीज अंश हा केवळ वरवरचा मुलामा, मूळ गाभा शुद्ध सुरियानी, असे ते म्हणतात. हेही मला मान्य करवत नाही. ज्या चित्रांचा त्यांना अभिमान तीच पाश्चात्य सहवासावाचून निपजली नसती. मुलामा आतपर्यंत, थेट मद्बहापर्यंत पोहोचलेला आहे.

या ठिकाणी सनांकडे पाहणे उद्बोधक ठरते. १५७९ त ही वास्तू उभी राहिली तेव्हा केरळच्या सुरियानी समाजात आजची फूट पडलेली नव्हती; ‘ऑर्थोडॉक्स’ ही पाटी तर कोणाच्याच दारावर नव्हती. त्यांचे बिशप मेसोपोटेमियाहून येत. वीस वर्षांनी, जून १५९९ मध्ये, गोव्याचा आर्चबिशप अलेशो द मेनेझिस याने उदयंपेरूर येथे धर्मपरिषद भरवून या समाजास रोमच्या शिस्तीत आणले आणि आक्षेपार्ह ठरविलेले सुरियानी ग्रंथ जाळण्याचे वा दुरुस्त करण्याचे फर्मान काढले. पुढे ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टान्चेरी येथे हजारो लोकांनी क्रुसास दोर बांधून, तो दोर हाती धरून, जेझुइटांची सत्ता मानणार नाही अशी शपथ घेतली. दोराच्या ताणाने क्रूस कलला, म्हणून ‘वाकड्या क्रुसाची शपथ’ असे तिचे नाव पडले. समाज दुभंगला, एक भाग रोमकडे परतला, दुसऱ्याने १६६५ पासून अँटिओकच्या परंपरेशी नाते जोडले आणि हळूहळू पूजाविधीही पश्चिम सुरियानी धर्तीचा झाला. १९१२ त येथे स्वतंत्र कॅथोलिकोसचे पीठ स्थापन झाले, १९३४ त चर्चची घटना लिहिली गेली, आणि त्या घटनेवरून दोन पक्षांत चाललेले दावे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३ जुलै २०१७ चा निकाल तर अनेकांच्या स्मरणात असेल. आम्हां फायली हाताळणाऱ्यांस हे सारे एखाद्या न संपणाऱ्या प्रकरणासारखे वाटते. भिंत तीच, तिच्या आतली निष्ठा मात्र इतक्या वेळा बदलली.

आणि तरीही ज्यांच्या विरुद्ध शपथ घेतली त्यांच्या सहवासाच्या खुणा कोणी पुसल्या नाहीत. गोव्याच्या आर्चबिशपाने सुरियानी पोथ्यांचे जे केले, ते सुरियानींनी पाश्चात्य धाटणीच्या चित्रांचे केले नाही. चुन्याची एक बादली पुरली असती! त्यांनी काय केले? पूजा बदलली, पुरोहिताची वस्त्रे बदलली, प्रार्थनेचे शब्द बदलले आणि चित्रे होती तेथेच, पडद्यामागे, राहू दिली. याला उदारता म्हणावे, की काटकसर, की केवळ सवय? मला वाटते, त्या लोकांना ती चित्रे ‘पोर्तुगीज’ दिसतच नसावीत. त्यांच्या आजोबांनी पाहिलेली, आईने लहानपणी बोट दाखवून ओळखविलेली ती मेरी होती. शैलीचे नाव बाहेरच्याला दिसते. ‘संगम’ या शब्दातली खोट हीच. तो शब्द वापरणारा काठावर उभा असतो, आणि दोन पाणी निरनिराळी आहेत हे फक्त त्यालाच ठाऊक असते. या वास्तूत जे झाले त्यास मी आता फार तर ‘वहिवाट’ म्हणेन. शेतातल्या पायवाटेला जसा हक्क वापराने मिळतो, तसा हक्क या भिंतीवरील परक्या रेषांनी मिळविला आहे.

देऊळ, मशीद आणि चर्च एकाच नदीच्या काठावर जवळजवळ आहेत, असे थाळत्तंगाडीचे कौतुक सर्वत्र छापले जाते. ते खरे आहे, आणि तेथील जुन्या मशिदीचे लाकडी कोरीवकाम तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु तिन्ही छपरांचे साम्य पाहून लगेच सहिष्णुतेवर व्याख्यान झोडण्याचा मोह मी या खेपेस आवरतो. छपरे सारखी आहेत कारण पाऊस सारखा आहे आणि सुतारकामाचे शास्त्रही एकच.

एक प्रश्न मात्र टाळता येत नाही, आणि तो शैलीच्या नावाहून पुष्कळ निकडीचा आहे. केरळात गेल्या अर्धशतकात कितीतरी जुनी चर्चे पाडून त्यांच्या जागी काँक्रीटची मोठी चर्चे बांधली गेली. कारण समजण्यासारखे आहे : माणसे वाढली, जुन्या दालनात मावेनाशी झाली. ज्यांच्याकडे पैसा आला त्यांनी उंच मनोरे आणि कमानी उभारल्या. नवे बांधणे वाईटच असते असे नाही. परुमला येथे, जेथे मार ग्रेगोरियोस या संताची समाधी आहे, तेथील नवे ऑर्थोडॉक्स चर्च चार्ल्स कोरिया यांनी योजिले. ते २००० मध्ये पुरे झाले. गोव्याचे मूळ आणि मुंबईची कर्मभूमी असलेल्या या वास्तुशिल्पज्ञाने तेथे जुन्या आकाराची नक्कल न करता गोल दालन योजिले. ज्याला समाज कसा जमतो हे कळते त्याने आकार बदलला तरी चालते. भय आहे ते निराळ्या प्रकारच्या मनुष्याचे : ज्यास जुन्या वास्तूत फक्त ‘शैली’ दिसते. असा मनुष्य पुढची भिंत तेवढी ‘वारसा’ म्हणून राखील, तिला दर वर्षी रंग देईल, आणि आतले दालन सोयीसाठी रुंद करून टाकील. पत्रके त्याची स्तुतीच करतील, कारण छायाचित्र पूर्वीसारखेच येईल.

जीर्णोद्धार करणाऱ्याच्या मनातली व्याख्या वास्तूस किती महाग पडते, याचे उदाहरण आपल्या घराजवळच आहे. गोव्याच्या बॉम जेझू चर्चवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, वास्तू ‘प्राचीन’ दिसावी या हेतूने तो काढून टाकण्यात आला. आज आपण ज्या तांबूस भिंतींची छायाचित्रे कौतुकाने घरी पाठवितो तो उघडा पडलेला जांभा आहे. चिऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही विचारा, गिलाव्यावाचून चिरा पावसात किती काळ टिकतो! तेथील दगड झिजत असल्याची तक्रार आता होऊ लागली आहे. धाकट्या पळ्ळीवर अद्याप तसा प्रसंग आलेला नाही. तिच्या पांढऱ्या भिंतींखाली तोच दगड आहे, आणि तो झाकलेला आहे हे तिचे भाग्य.

माझ्या त्या टिपणातील वाक्य दुरुस्त करून द्यावयाचे तर कसे द्यावे, यावर मी बराच विचार केला. संपादकांस विनंती आहे की ‘संगम’ असलेल्या ओळीच्या जागी पुढील मजकूर वाचावा असे कळवावे : ‘ही वास्तू सुरियानी पूजेसाठी, मलबारच्या पावसात, मलबारच्या कारागिरीने बांधलेली असून पोर्तुगीजांच्या काळात तिच्यावर आणि तिच्या आत जे उमटले ते तिच्या लोकांनी पुढे आपलेच मानले.’ वाक्य लांबले आहे आणि पूर्वीच्याइतके गोड लागत नाही, याची मला कल्पना आहे.

या लेखासोबत या खेपेस छायाचित्र न देता मी हाताने काढलेला एक आराखडा पाठवीत आहे : पश्चिमेस मुखमंडप, मग हैकला, मग अळिक्ककम्, पूर्वेस मद्बहा. पाठविण्यापूर्वी तो माझ्या सहकाऱ्यांस दाखविला. मराठी अक्षरे त्यांस वाचता येत नाहीत. त्यांनी केवळ रेषा पाहिल्या, खिशातून पेन्सिल काढली आणि मद्बहापुढे मी काढलेली जाड सरळ रेघ खोडून तेथे तुटक रेघ काढली. पडदा मी पुन्हा भिंतीसारखा काढला होता.